पहिल्या पावसाबरोबर परत येणारा वास : कुत्र्या-मांजरांच्या मूत्राचे डाग घरातून कसे काढावेत

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मे महिन्यात मांजराच्या मूत्राचा वास फारसा कोणाच्या घरात येत नाही. पारा ४४-४५ अंशांवर असतो आणि जमिनीवर जे सांडेल ते तासाभरात वाळून जाते. मग मिरगाचा पहिला पाऊस पडतो, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी धान्याच्या खोलीचे दार उघडले की डोळे चुरचुरतील इतका उग्र वास अंगावर येतो. घरातील माणसे मांजराला बोल लावतात आणि रात्रीच तिने घाण केली असे धरून चालतात. प्रत्यक्षात ते मूत्र बहुधा दोन-तीन महिन्यांपूर्वीचे असते, आणि ही गोष्ट लक्षात न आल्यामुळेच पुढची सगळी साफसफाई चुकीच्या दिशेने जाते.

शेतकऱ्याला याचे कारण युरियाच्या पोत्यावरून चटकन कळेल. तोंड उघडे राहिलेले पोते पावसाळी हवेत चार दिवस ठेवले तर आतला युरिया ओलसर होऊन त्याचे गोळे बनतात, कारण ३० अंशांच्या आसपास तापमान असताना हवेतील आर्द्रता ७० ते ७५ टक्क्यांच्या पुढे गेली की युरिया हवेतील पाणी स्वतःकडे ओढू लागतो. कुत्र्या-मांजरांच्या मूत्रात हाच युरिया असतो. उन्हाळ्यात तो जमिनीच्या भेगांत कोरडा पडून राहतो. पावसाळ्यात ओला झाला की जमिनीतील जंतू त्याचे विघटन करून अमोनिया तयार करतात, आणि आपल्याला वास येतो तो या अमोनियाचा. मांजराच्या बाबतीत आणखी एक भर पडते. तिच्या मूत्रात, विशेषतः नसबंदी न झालेल्या बोक्याच्या मूत्रात, फेलिनिन नावाचे द्रव्य असते आणि ते हळूहळू फुटून गंधकयुक्त वायू सुटतात. हा दुसरा वास अमोनियापेक्षा चिवट असतो आणि नुसत्या पाण्याने जात नाही.

यातून कामाचे एकच सूत्र निघते. वास हा हवेत नसून जमिनीत मुरलेल्या क्षारांत, म्हणजे मूत्र वाळल्यावर मागे उरलेल्या द्रव्यांत आहे, आणि जोपर्यंत ते क्षार बाहेर ओढून काढले जात नाहीत तोपर्यंत उदबत्ती, फिनेल, धूप, अत्तर यांपैकी कशानेही तो जाणार नाही. फार तर दोन वास एकत्र येतील. ज्यांच्या घरी वाळ्याच्या ताट्यांचा कूलर चालतो त्यांना पावसाळ्याची वाटही पाहावी लागत नाही, कारण बंद खोलीत कूलर रात्रभर चालला की मे महिन्यातच हवा दमट होते आणि जुने डाग जागे होतात.

ताज्या डागाचे काम

ताजे मूत्र दिसले तर पहिल्या दहा मिनिटांतील काम पुढच्या दहा दिवसांच्या कामाएवढे मोलाचे असते. फडक्याने पुसत सुटू नये, कारण पुसण्याने मूत्र पसरते आणि फरशीच्या सांध्यांत जाते. जुने सुती लुगडे किंवा धोतराचा तुकडा चौपदरी करून डागावर ठेवावा आणि त्यावर पायाने किंवा हाताने दाब द्यावा, ओला झाला की कोरडी बाजू खाली करावी, आणि कापडाला ओल लागेनाशी होईपर्यंत हे चालू ठेवावे. त्यानंतर तेवढ्याच जागेवर वाटीभर थंड पाणी घालून ते पुन्हा त्याच रीतीने शोषून घ्यावे. असे तीन वेळा केले तर क्षारांचा मोठा भाग निघून जातो. गरम पाणी वापरू नये. त्याने वास उफाळतो आणि मूत्रातील प्रथिने कापडाच्या धाग्यांना धरून बसतात.

गावात अशा वेळी चुलीतील राख टाकण्याची रीत आहे. राख ओल चांगली शोषते आणि विष्ठेसाठी तर ती उत्तमच आहे, परंतु राख अल्कधर्मी असल्यामुळे जुन्या, कुजलेल्या मूत्रावर टाकली असता त्यातील अमोनिया आणखी जोराने बाहेर पडतो. म्हणून ताज्या मूत्रावर राख टाकायची असेल तर ती ओल शोषताच फड्याने गोळा करून बाहेर टाकावी, रात्रभर तशीच ठेवू नये. चुन्यालाही हेच लागू आहे, शिवाय चुन्याने जनावरांच्या पंजांना इजा होते.

जमिनीप्रमाणे उपाय बदलतो

शेणाने सारवलेल्या मातीच्या जमिनीबद्दल मला सविस्तर लिहावेसे वाटते, कारण बाजारातील सगळे उपाय टाइलच्या घरांसाठी सांगितलेले असतात आणि आमच्याकडील कवेलूच्या घरांचा विचार त्यात कोणी केलेला नसतो. सारवलेली जमीन मूत्र लगेच आत ओढते. वास येऊ लागला की घरातील बाई त्या जागेवर पुन्हा एकदा सारवते. सारवण ही घराच्या स्वच्छतेची जुनी आणि चांगली रीत आहे, पण या एका कामासाठी ती उलटी पडते. शेणात युरियाचे विघटन करणारे जंतू भरपूर असतात, आणि ओल्या शेणकाल्याने खालचे वाळलेले मूत्र पुन्हा भिजते. त्यामुळे दोन दिवस शेणाच्या वासाखाली झाकलेला मूत्राचा वास तिसऱ्या दिवशी दुपटीने वर येतो.

अशा जमिनीवर खरा उपाय एकच, आणि तो म्हणजे माती बदलणे. डागाच्या कडेपासून वीतभर बाहेरपर्यंत जागा आखून घ्यावी आणि खुरप्याने माती काढत जावे. किती खोल जायचे हे नाकाने ठरवावे : तळहातावर घेतलेल्या मातीवर दोन थेंब पाणी टाकून वास घ्यावा, आणि वास येत नाही अशी माती लागेपर्यंत खणावे. बहुतेक वेळा दोन ते चार इंचांत काम होते. कोपऱ्यात, जिथे मांजर रोज बसते, तिथे अधिक खोल जावे लागते. खड्डा दोन-तीन दिवस कोरडा होऊ द्यावा. नंतर पांढऱ्या मातीत बारीक कुटार, म्हणजे भुसा, मिसळून, ती मळून, थराथराने भरावी, चोपण्याने ठोकून घट्ट करावी आणि पूर्ण वाळल्यावरच सारवावे. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देऊ नये. काढलेली माती भाजीच्या वाफ्यात टाकू नये, कारण मांजराच्या विष्ठेतील जंतू तिच्यात असू शकतात. बांधावरील एखाद्या झाडाच्या बुंध्याशी ती टाकावी.

हे काम पावसाळ्यात करता येत नाही, कारण माती वाळतच नाही. म्हणून श्रावणात वास येईल तेव्हा त्या जागेभोवती विटेच्या तुकड्याने खूण करून ठेवावी आणि दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर खणावे. पावसाळ्यात नाक जेवढे अचूक जागा दाखवते तेवढे वर्षभरात कधीच दाखवत नाही, त्यामुळे शोध पावसाळ्यात आणि काम हिवाळ्यात अशी वाटणी करणे सोयीचे होते. नोटा तपासायचा अतिनील प्रकाशाचा लहान टॉर्च कोणाकडे असेल तर रात्री दिवे मालवून तो जमिनीपासून वीतभर अंतरावर फिरवावा. वाळलेले मूत्र फिकट पिवळसर-हिरवे चमकते. धुण्याची पावडर सांडलेली जागाही त्या उजेडात चमकते, म्हणून खात्री शेवटी वासानेच करावी.

शहाबादी फरशीच्या घरात सर्वांत मोठी चूक आंबट पदार्थांची होते. अमोनिया अल्कधर्मी असल्यामुळे लिंबू, व्हिनेगर किंवा चिंचेचे पाणी त्याला मारते, हे खरे आहे. परंतु शहाबादी, कडाप्पा आणि कोटा हे तिन्ही चुनखडीचे दगड आहेत आणि आम्ल लागताच ते झिजतात. आमच्या सपरीतील, म्हणजे ओसरीतील, फरशीवर मी काही वर्षांपूर्वी संडास धुण्याचे ॲसिड ओतले होते. वास आठ दिवस थांबला, फरशीवर हातभर लांब पांढरट खरबरीत पट्टा मात्र कायमचा पडला, आणि खरबरीत झालेला तो दगड आता पूर्वीपेक्षा जास्त मूत्र पितो.

या दगडातील क्षार ओढून काढण्यासाठी मातीचा लेप उपयोगी पडतो. मुलतानी माती किंवा चाळलेली पांढरी माती पाण्यात कालवून दह्यासारखी घट्ट करावी, आधी डाग साध्या पाण्याने ओला करावा आणि त्यावर अर्धा इंच जाडीचा लेप द्यावा. लेप वरून वाळत जातो तसे आतले पाणी दगडातून वर येते आणि येताना क्षार घेऊन येते. पूर्ण वाळल्यावर लाकडी पट्टीने तो खरवडून टाकावा, पुन्हा वापरू नये. दोन-तीन लेपांनंतर फरक स्पष्ट जाणवतो. ही क्रिया वाळण्यावर चालते, त्यामुळे दमट दिवसांत पंखा लावल्याशिवाय लेप देण्यात अर्थ नाही.

सिमेंटच्या कोब्यावर आधी पाणी साचवून शोषण्याची क्रिया तीन-चार वेळा करावी आणि पुढे सांगितलेले पेरॉक्साइडचे द्रावण वापरावे. तरीही वास राहिला तर कोबा पूर्ण वाळवून त्यावर सिमेंटचा पातळ घोटीव हात देता येतो. टाइलवर मूत्र मुरत नाही, सांध्यांत मात्र मुरते. जुन्या दात घासण्याच्या ब्रशने फक्त सांधेच घासावेत.

मातीच्या भिंतीवर बोका शेपूट उभी करून फवारा मारतो. तो जमिनीपासून हातभर उंचीच्या आत असतो आणि खाली ओघळलेला असतो, म्हणून शोध नेहमी वरून सुरू करावा. भिंतीचा तेवढा गिलावा खरवडून नवा लावणे हे रंग चढवण्यापेक्षा स्वस्त आणि टिकाऊ ठरते.

कापूस, गाद्या आणि गोधड्या

हा प्रश्न वऱ्हाडात इतर ठिकाणांपेक्षा अधिक जाचतो. भाव वाढण्याची वाट पाहत डिसेंबर-जानेवारीत वेचलेला कापूस आम्ही घरातील एका खोलीत रचून ठेवतो. मांजराच्या दृष्टीने मऊ, कोरडा, उकरता येणारा असा तो ढीग म्हणजे विष्ठा-मूत्रासाठी सर्वांत योग्य जागा असते. ज्या दिवशी डाग दिसेल त्याच दिवशी ओला आणि पिवळा पडलेला कापूस, त्याच्या भोवतालच्या ओंजळभर कापसासह, वेगळा काढावा आणि चांगल्या कापसात पुन्हा मिसळू नये. तो कवडी, म्हणजे डागी आणि हलक्या प्रतीच्या, कापसाबरोबर ठेवला तरी चालेल, पण पोत्यावर खूण करावी. खोलीच्या दाराच्या खालच्या फटीला लाकडी पट्टी ठोकणे आणि खिडकीला जाळी लावणे हा खर्च एका हंगामात भरून निघतो. धान्याच्या पोत्यावर मूत्र झाले असेल तर पोते लगेच रिकामे करावे, ओले झालेले आणि त्याला लागून असलेले धान्य टाकून द्यावे आणि बाकीचे उन्हात पसरावे. वाया जाण्याचा विचार मनात येतोच. तरीही ते धान्य कोणाच्या पोटात जाऊ देऊ नये.

कापसाच्या गादीवर बादलीभर पाणी ओतणे हा पावसाळ्यातील सर्वांत महागडा उपाय ठरतो. आतला कापूस वाळायला चार-पाच दिवस लागतात आणि ओल्या कापसाला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशीच बुरशी धरू लागते. मग मूत्राचा वास जाऊन बुरशीचा येतो. दाब देऊन जेवढे निघेल तेवढे काढावे, डागापुरते अर्धी वाटी पाणी दोनदा घालून शोषावे, खाण्याचा सोडा भुरभुरून काही तासांनी झटकावा आणि गादी बाजेवर टाकून खालून-वरून पंख्याचा वारा द्यावा. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून गादी वाळवण्याचा प्रकार कोणीही करू नये, कारण कोळशाच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड दिसत नाही, त्याला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो उठू देत नाही. डाग जुना आणि खोल असेल तर गादीची शिवण उसवून तेवढा कापूस काढून टाकावा आणि उरलेला उन्हाळ्यात पिंजाऱ्याकडून पिंजून घेऊन गादी नव्याने भरावी.

गोधड्या आणि सतरंज्या तुलनेने सोप्या आहेत. आधी फक्त थंड पाण्यात अर्धा तास भिजवून ते पाणी फेकावे, नंतर बादलीला अर्धी वाटी व्हिनेगर घालून पुन्हा अर्धा तास ठेवावे आणि शेवटी नेहमीप्रमाणे साबणाने धुवावे. लोकरीच्या घोंगडीला रिठ्याचे पाणी मानवते.

कोणती द्रव्ये वापरावीत आणि कोणती टाळावीत

मांजराच्या गंधकयुक्त वासासाठी माझ्या अनुभवात हायड्रोजन पेरॉक्साइडइतके स्वस्त आणि खात्रीचे दुसरे काही नाही. औषधांच्या दुकानात मिळणाऱ्या बाटलीवर ६ टक्के लिहिलेले असेल तर तेवढेच पाणी मिसळून ते ३ टक्के करावे. असे २०० मिलिलिटर द्रावण, दोन लहान चमचे खाण्याचा सोडा आणि भांडी घासण्याच्या पातळ साबणाचे चार थेंब एकत्र करून लगेच डागावर घालावे, १५ मिनिटांनी ओल्या फडक्याने टिपून घ्यावे. हे मिश्रण गंधकाच्या संयुगांचे ऑक्सिडीकरण करते आणि वास मुळातच मोडतो. ते बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नये, कारण त्यातून प्राणवायू सुटत राहतो आणि बाटली फुटते. हातमोजे घालावेत. रंगीत कापडाचा रंग उडतो, म्हणून कोपऱ्यावर आधी तपासून पाहावे.

नागपूर-अमरावतीसारख्या शहरांत विकरांचे, म्हणजे एन्झाइमचे, तयार द्रावण मिळते. ते चांगले काम करते, परंतु सावकाश. डाग काही तास ओला राहील अशा बेताने ते ओतावे आणि वरून प्लास्टिकचा कागद झाकावा. आपल्याकडील पावसाळी हवा इतर सगळ्या कामांत अडथळा आणते, या एका कामात मात्र मदत करते, कारण द्रावण लवकर वाळत नाही. त्या जागेवर आधी फिनेल किंवा ब्लीच टाकलेले असेल तर भरपूर पाण्याने धुतल्याशिवाय विकर वापरू नयेत. ते निकामी होतात.

फिनेलबद्दल मला आग्रहाने सांगायचे आहे. काळ्या फिनेलमधील फिनॉलवर्गीय द्रव्ये पचवण्याची क्षमता मांजराच्या यकृतात फार कमी असते. मांजर पुसलेल्या जमिनीवरून चालते, मग पंजे चाटते, आणि विष तिच्या पोटात जाते. पाइनच्या तेलाचे पांढरे फिनेलही तिला अपायकारक आहे. कपाटात ठेवायच्या डांबर गोळ्या कोपऱ्यात टाकून मांजराला पळवण्याचा उपाय गावोगावी केला जातो. त्या गोळ्या कुत्रा, मांजर आणि लहान मूल या तिघांनाही विषारी आहेत. ब्लीचिंग पावडर मूत्रावर थेट टाकली तर अमोनियाशी तिचा संयोग होऊन घशाला आणि फुप्फुसांना जाळणारा क्लोरामाइन वायू निघतो. तिच्यात ॲसिड किंवा व्हिनेगर मिसळणे तर त्याहून घातक, कारण त्यातून क्लोरीन वायू बाहेर पडतो.

साफ करणाऱ्याने स्वतःला जपावे. ओल्या जमिनीवर राहिलेल्या कुत्र्याच्या आणि उंदराच्या मूत्रातून लेप्टोस्पायरोसिस होऊ शकतो आणि त्याचे जंतू त्वचेवरील जखमेतून शरीरात शिरतात. चिखल्यांनी पाय फाटलेले असतील तर अनवाणी हे काम करू नये. मांजराची विष्ठा त्याच दिवशी उचलावी, आणि गरोदर स्त्रीकडे हे काम देऊ नये.

घाण पुन्हा होऊ नये म्हणून

पावसाळ्यात मांजर घरात घाण करते याचे मोठे कारण असे की अंगणात तिला कोरडी, उकरण्याजोगी जागा उरत नाही. सपरीच्या कोपऱ्यात, जेवणाच्या जागेपासून दूर, एका जुन्या घमेल्यात चार बोटे जाडीची कोरडी वाळू ठेवावी. भंडारा-गोंदियाकडे धानाचा तूस मुबलक असतो, तोही चालतो. विष्ठा रोज काढावी आणि वाळू आठवड्याला बदलावी. घरात दोन मांजरे असतील तर तीन घमेली ठेवावीत. बोक्याची नसबंदी केली तर फवारणे बहुतेक थांबते आणि मूत्राचा उग्रपणाही कमी होतो.

कुत्रा पावसात भिजून आला की त्याच्या अंगाचा वास घरभर होतो. तो मूत्राचा नसतो. केसांतील जंतू आणि यीस्ट यांची द्रव्ये ओलीबरोबर हवेत येतात. त्याला दाराशीच गोणपाटाने कोरडे करावे, कानांच्या आतल्या बाजूसह.

एरवी नीट वागणारे जनावर अचानक घरात मूत्र करू लागले तर आधी आजाराचा विचार करावा. विशेषतः बोका वारंवार बसतो, जोर करतो आणि थेंबभरच मूत्र येते किंवा काहीच येत नाही, अशी स्थिती असेल तर मूत्रमार्ग तुंबलेला असू शकतो. त्यात एक-दोन दिवसांत जीव जातो, म्हणून त्याच दिवशी पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे.

खणून, लेप देऊन, धुऊन झालेल्या जागेची परीक्षा मे महिन्यातच घ्यावी. मातीच्या जमिनीवर, फरशीवर किंवा कोब्यावर ओले पिळलेले फडके अंथरावे, त्यावर परात पालथी घालावी आणि खोली बंद करून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी परात उचलताच वास आला तर क्षार अजून आत आहेत असे समजावे आणि त्या जागेवर पुन्हा काम करावे. मिरग लागायला तेव्हा अजून दोन-तीन आठवडे हाताशी असतात.